पत्ता हरवलेले सिनेमे

इंटरव्हल झाला, दिवे लागले आणि आमच्या रांगेतलं कोणीच कोणाकडे बघेना.

चौघांनी मिळून वाईट सिनेमाला गेला असाल, तर हा क्षण तुम्हाला पाठ असेल. तिकिटं ज्याने काढलेली असतात तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. बाकीचे पॉपकॉर्नच्या तळाशी काय उरलंय ते शोधायला लागतात. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणतं, ‘कॅमेरावर्क मस्त आहे ना?’ बस्स. कॅमेरावर्कचा विषय निघाला की सिनेमा गेला समजायचं.

तारीख २५ जानेवारी २०२४. गुरुवार. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार. असा वीकएण्ड वर्षातून एकदा येतो, आणि आम्ही तो ‘मलैकोट्टै वालिबन’ला वाहिला होता. दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिसेरी, हीरो मोहनलाल. यात चुकणार काय, असं आम्हाला वाटलं होतं.

‘आम्ही’ म्हणजे मी, नवरा, माझ्या ऑफिसातला एक मल्याळी सीनियर आणि त्याची बायको. या सीनियरला सगळं ऑफिस ‘चेट्टन’ म्हणतं. चेट्टन म्हणजे दादा. मूळचा पालक्काडचा, पण पुण्यात इतकी वर्षं काढलीत की रिक्षावाल्याशी मराठीत भांडतो. आमचा नियम साधा. महिन्यातून एक मल्याळम सिनेमा, थिएटरात. नंतर खडकीतल्या एका छोट्या केरळी हॉटेलात पोरोट्टा, कडला करी आणि लिंबू पिळलेला काळा चहा, म्हणजे सुलैमानी. सिनेमा चांगला निघाला तर बिल वाटून. वाईट निघाला तर ज्याने निवडला त्याचं.

गेल्या काही वर्षांत चेट्टनने बरीच बिलं भरलीत.

घरबसल्या लागलेलं वेड

मला मल्याळम सिनेमाचं वेड लागलं ते तुमच्यासारखंच, लॉकडाऊनमध्ये. अंगावर ऑफिसचा शर्ट, खाली पायजमा, आणि रात्री जेवण झाल्यावर सबटायटल्स. ‘कुंबलंगी नाइट्स’ बघितला. मग २०२१ मध्ये ‘द ग्रेट इंडियन किचन’, ‘दृश्यम २’, ‘जोजी’. एकामागून एक, सगळे बंदे रुपये. ‘किचन’ बघून झाल्यावर नवऱ्याने न सांगता उठून सिंक साफ केलं होतं. (तो परिणाम चार दिवस टिकला. पण टिकला!)

मग आपण सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. मल्याळम सिनेमा म्हणजे ग्रेट, असं जाहीर करून टाकलं. लंच टेबलवर लोकांना नावं सांगायला लागले. ‘मल्याळम बघत जा रे’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल, त्याची गणती नाही.

थिएटरं उघडल्यावर पहिला मोठा मल्याळम सिनेमा बघितला तो ‘मरक्कार’, डिसेंबर २०२१ मध्ये. तेव्हा महाराष्ट्रात थिएटरं निम्म्या क्षमतेने चालत होती, म्हणजे एक खुर्ची सोडून एक. तोंडावर मास्क. दिग्दर्शक प्रियदर्शन. कथा चौथ्या कुंजाली मरक्कारची, म्हणजे कालिकतच्या सामुथिरीच्या आरमाराच्या त्या प्रमुखाची, ज्याला पोर्तुगीजांनी १६०० मध्ये गोव्यात नेऊन मारलं. आपल्याला आरमार म्हटलं की कान्होजी आंग्रे आठवतात, त्यामुळे मी फार उत्सुक होते. शिवाय थिएटरात येण्याआधीच त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला.

जहाजं छान होती. लाटा छान होत्या. माणसं मात्र पोशाखी नाटकातली वाटत होती. मधली रिकामी खुर्ची ओलांडून चेट्टन माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, ‘कॅमेरावर्क...’ मी म्हटलं, ‘नको.’

झोप, शिट्टी आणि वाळवंट

तर ‘वालिबन’. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक अजिंक्य मल्ल आहे. बैलगाडीतून गावोगाव फिरतो, कुस्त्या जिंकतो. सोबत त्याचा गुरू आणि गुरूचा मुलगा. गाव कुठलं, ठाऊक नाही. काळ कुठला, ठाऊक नाही. शूटिंग राजस्थानात झालेलं, त्यामुळे पडद्यावर नजर जाईल तिथवर वाळू. प्रत्येक फ्रेम अशी की भिंतीवर लावावी.

पहिल्या अर्ध्या तासात नवरा झोपला. मधेच खडबडून जागा झाला, कारण मी शिट्टी मारली. पडद्यावर आपली सोनाली कुलकर्णी! ‘नटरंग’वाली. रंगराणी नावाची नर्तकी झालीय ती यात. पुण्यातल्या मल्याळी पब्लिकमध्ये आम्ही दोघंच मराठी, आणि त्या दोन मिनिटांपुरता सिनेमा आमचा झाला. मग ती गेली आणि पुन्हा वाळू आली.

लिजो हा साधा माणूस नव्हे. २०१७ च्या ‘अंगमाली डायरीज’मध्ये त्याने ८६ नवे चेहरे उभे केले होते. शेवटचा अकरा मिनिटांचा एकच शॉट, गर्दीतून, बँडबाजातून, फटाक्यांतून धावणारा. बघताना आपणही त्या मिरवणुकीत ढकलले जातो. ‘ई.मा.याऊ.’मध्ये तर एका म्हाताऱ्याचं मयत नीट पार पडत नाही एवढीच गोष्ट. पाऊस, पाद्री, उधारीवर आणलेली शवपेटी. हसावं की रडावं कळत नाही. २०१९ चा त्याचा ‘जल्लिकट्टू’ भारताने ऑस्करला पाठवला होता.

असा माणूस. असा नट. आणि मी घड्याळ बघतेय! शेवटी कळतं की अजून दुसरा भाग यायचाय. थिएटरात कोणीतरी मागून मल्याळममध्ये काहीतरी बोललं आणि सगळे हसले. ‘काय म्हणाला?’ मी विचारलं. चेट्टन म्हणाला, ‘तो म्हणतोय, दुसऱ्या भागाला तू एकटाच जा.’

त्या रात्री सुलैमानी पिताना मी माझी थिअरी मांडली. मला आवडलेल्या प्रत्येक मल्याळम सिनेमाला एक पत्ता होता. पोस्टमन पत्र आणून देईल असा पक्का पत्ता. कुंबलंगी हे खरं गाव आहे, अंगमाली खरं आहे. ‘महेशिंडे प्रतिकारम’मधला इडुक्कीचा फोटोग्राफर मार खातो आणि बदला घेईपर्यंत चप्पल घालणार नाही म्हणतो. ती चप्पल, तो रस्ता, तो स्टुडिओ, सगळं त्या गावचं. आणि जे सिनेमे पडले, त्यांचा पत्ताच हरवलेला. ते कुठेच घडत नाहीत.

चेट्टनने ऐकून घेतलं. मग बिल भरलं. बोलला काहीच नाही.

अम्माचा चष्मा

२०२४ चा फेब्रुवारी आला आणि मी माझी थिअरी विसरूनही गेले. दोन आठवड्यांत ‘प्रेमलू’, ‘ब्रमयुगम’ आणि ‘मंजुम्मेल बॉइज’! तीन आठवडे बिल वाटून. ‘मंजुम्मेल’मध्ये तर कोडाईकनालच्या गुहेत पोरगा पडतो तेव्हा नवऱ्याने माझा हात असा धरला की बांगडी वाकली. जगभरात २०० कोटींवर कमाई करणारा तो पहिला मल्याळम सिनेमा ठरला. एप्रिलमध्ये ‘आवेशम’. ऑफिसात मी पुन्हा जोरात.

आणि मग डिसेंबर. नाताळच्या दिवशी ‘बरोझ’ लागला. मोहनलालने स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, थ्रीडी. वास्को द गामाचा खजिना चारशे वर्षं सांभाळत बसलेल्या भुताची गोष्ट, मुलांसाठी.

यावेळी आमच्याबरोबर चेट्टनची आई होती. अम्मा पालक्काडहून नाताळच्या सुट्टीसाठी आल्या होत्या. अम्मांना गुडघ्यांचा त्रास, थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. तरी त्यांनी हट्टच धरला होता. कारण मला चेट्टनच्या बायकोने लिफ्टमध्ये सांगितलं.

१९८४ मध्ये ‘माय डियर कुट्टिचात्तन’ आला होता, भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा. अम्मांचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बघितलेला तो पहिला सिनेमा. मुलं भिंतीवरून, छतावरून चालत जातात ते गाणं सुरू झालं, तेव्हा त्यांनी घाबरून नवऱ्याचा दंड धरला. घरच्यांशिवाय, चारचौघांत, पहिल्यांदा. ‘बरोझ’ची मूळ गोष्ट ‘कुट्टिचात्तन’च्याच दिग्दर्शकाची, जिजो पुन्नूस यांची. चेट्टनचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता सांगा, असा सिनेमा वाईट निघून कसा चालेल?

निघाला. पडद्यावर सोनं होतं, समुद्र होता, बाहुली होती, आणि संतोष सिवन यांचा कॅमेरा होता (होय, पुन्हा कॅमेरावर्क). फक्त गोष्टीत जीव नव्हता. संवाद असे, की प्रत्येक पात्र दुसऱ्याला निबंध वाचून दाखवतंय. पुढच्या रांगेतलं एक लहान मूल चष्मा काढून मागे वळून आमच्याकडेच बघत बसलं. आम्ही त्याला जास्त इंटरेस्टिंग वाटलो असू.

मी हळूच अम्मांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. उघड्या डोळ्यांना थ्रीडी पडदा धूसर दिसतो, सगळं दुहेरी. त्या तो धूसर पडदाच शांतपणे बघत होत्या.

गाडीत कोणी बोलेना. चेट्टन तर असा गाडी चालवत होता, जणू सिनेमा त्यानेच काढलाय. शेवटी अम्मा मल्याळममध्ये काही म्हणाल्या. त्याच्या बायकोने मला सांगितलं, ‘अम्मा म्हणतात, लाल खूप मेहनत करतोय ते दिसतंय. तेच दिसायला नको होतं.’

मी इतकी परीक्षणं वाचते. इतकं नेमकं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

हेलिकॉप्टर आणि हिशेब

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं मनाला का लावून घेतेस? सिनेमाच तो. खरंय. पण तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून जोडप्याचे हजार रुपये सहज जातात, आणि त्याहून महाग म्हणजे शनिवार जातो. पाच दिवस टार्गेटच्या मागे धावल्यावर उरलेले दोन. त्यातला अर्धा कोणाच्या हातात द्यायचा, हा विश्वासाचा प्रश्न असतो.

म्हणून ‘एंपुरान’ने जास्त चिडवलं. २७ मार्च २०२५. इयर एण्डची धावपळ, तरी आम्ही पहिल्या दिवशी हजर. २०१९ चा ‘लुसिफर’ मला आवडला होता. मुख्यमंत्री वारलेत, आता खुर्ची कोणाची? त्यातलं केरळचं राजकारण, पक्षातली माणसं, घरातली भांडणं, सगळं ओळखीचं. आपल्याकडेही खुर्चीच्या गोष्टी काही कमी नाहीत! दुसऱ्या भागात मात्र जगभरची विमानतळं, हेलिकॉप्टरं, बंदुका. हीरो कितीतरी वेळ येतच नाही. आला तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेले होते.

त्या सिनेमावरून राजकीय वादही पेटला आणि निर्मात्यांनी काही दृश्यं कापून नवी आवृत्ती आणली. कमाई प्रचंड झाली. माझी तक्रार त्या वादाशी संबंधित नाही. माझी तक्रार एवढीच, की ‘लुसिफर’ केरळात घडत होता आणि ‘एंपुरान’ एअरपोर्टवर.

पंधरा दिवसांनी मम्मूट्टीचा ‘बझूका’. हाच माणूस ‘कादल’मध्ये समलिंगी नवरा होतो, ‘ब्रमयुगम’मध्ये काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अंगावर काटा आणतो. ‘बझूका’त त्याला गॉगल, कोट आणि शेवटी एक ट्विस्ट दिलाय. सबंध सिनेमा त्या ट्विस्टची वाट बघत बसतो. आपणही.

यावेळी पोरोट्टा तोडता तोडता चेट्टन बोलला. शांतपणे, पण आतून लागल्यासारखं.

‘तुला माहितेय, २०२४ मध्ये आमच्याकडे १९९ नवे सिनेमे आले? निर्मात्यांच्या संघटनेनेच हिशेब सांगितला. चालले किती? २६. तोटा ६५० ते ७०० कोटी. आणि तुम्ही सगळे म्हणत होता, मल्याळम सिनेमाचं सोनेरी वर्ष!’

मी गप्प.

‘तुम्ही आमच्या सिनेमातले निवडून दहा बघता. कोणीतरी चाळून, वेचून, सबटायटल लावून ताटात वाढलेले. आम्ही सगळे १९९ बघत मोठे झालो. वाईट सिनेमा आम्हाला नवीन नाही. तुम्हाला नवीन आहे, कारण तुम्ही आत्ता थिएटरात यायला लागलात.’

बरोबर होतं. घरबसल्या मला निवडलेली भाजी मिळत होती. थिएटरात म्हणजे मार्केट यार्डात उभी होते, आणि गोणीत किडका वांगा निघाला म्हणून ओरडत होते.

‘आणि एक विचारू?’ चेट्टन म्हणाला. ‘ऑफिसात तू नेहमी म्हणतेस, मराठीत असं का होत नाही. तू शेवटचा मराठी सिनेमा थिएटरात कधी पाहिलास?’

मी आठवायला लागले. नवरा हसायला लागला. चहा थंड झाला तरी मला तारीख आठवेना. लालचा पडेल सिनेमा बघायला चेट्टन रजा टाकून जातो. वाईट निघाला तर मनापासून दुखावतो, बिल भरतो, पुन्हा जातो. आणि मी मल्याळमची काठी घेऊन मराठीला बडवते, तीही घरात सोफ्यावर बसून. निराश व्हायचासुद्धा हक्क लागतो, बरं का. तो तिकीट काढून मिळतो.

पत्ता: पुणे

तेवढ्यात ‘तुडरुम’ आला, एप्रिल २०२५ च्या शेवटी. मोहनलाल साधा टॅक्सीवाला, जुनी अँबॅसेडर, बायको शोभना. डोंगरातलं गाव, घर, मुलं, गॅरेज. पुढे सिनेमा फार अंधारात जातो, पण तोवर तुम्ही त्या घरात राहायला गेलेले असता. आम्ही इथे बघितला, अम्मांनी पालक्काडला, पायऱ्या चढून. दुसऱ्या दिवशी चेट्टनला फोन. एकच वाक्य: ‘लाल घरी आला.’

बघा, माझी थिअरी अम्मांनी तीन शब्दांत मांडली.

ती थिअरी अर्धीच होती, हे मात्र ऑगस्टमध्ये कळलं. २८ ऑगस्ट २०२५. आदल्या दिवशी गणपती बसलेले, त्या दिवशी दीड दिवसाच्यांचं विसर्जन, रस्ते बंद. तिकडे केरळात ओणमची लगबग. एकाच दिवशी दोन सिनेमे. एक ‘लोका’, दुसरा सत्यन अंतिक्काड यांचा ‘हृदयपूर्वम’. या दुसऱ्याची गोष्ट चक्क पुण्यात घडते. मोहनलालला पुण्यातल्या एका कर्नलचं हृदय बसवलंय, आणि त्या कर्नलच्या मुलीच्या साखरपुड्याला तो येतो.

माझं पुणं, मल्याळम पडद्यावर! ऑफिसात मी दहा जणांना सांगितलं. सिनेमा गोड आहे, वाईट मुळीच नाही. पण बहुतेक वेळ तो एका घरात आणि त्या घरातल्या माणसांत राहतो. मी आपली पाठीमागे कुठे ओळखीचा चौक दिसतोय का ते शोधत राहिले. पत्ता माझा होता, पण दारावर पाटी नव्हती.

उलट ‘लोका’. बंगळुरू, सुपरहिरो, मारामाऱ्या, म्हणजे माझ्या थिअरीप्रमाणे पडायलाच हवा होता. पण ती सुपरहिरो म्हणजे केरळच्या लोककथेतली नीली, आजीने रात्री भीती घालायला सांगितलेली यक्षी. तो त्या वर्षीचा सगळ्यात मोठा मल्याळम हिट ठरला. म्हणजे पत्ता गावाचाच असावा लागतो असं नाही. गोष्ट कोणाच्या तरी घरून निघालेली असावी लागते, एवढंच.

‘हृदयपूर्वम’नंतर खडकीला पोहोचायला विसर्जनाच्या गर्दीतून दीड तास लागला. सिनेमा निवडला होता मी. बिलासाठी पर्स काढली, तर चेट्टनने हात आडवा केला.

‘आज वाटून.’

‘का? मला आवडला नाही फारसा.’

‘मला आवडला. पुणं आहे ना त्यात.’

पुढच्या महिन्याचा सिनेमा मात्र मीच निवडलाय. मराठी. शनिवार, सकाळचा शो, चार तिकिटं. परीक्षणं वाचलेली नाहीत, वाचणारही नाही. चांगला निघाला तर बिल वाटून, वाईट निघाला तर माझं.

कॅमेरावर्क कसं आहे, ते इंटरव्हलला कळेलच.